पंचाहत्तर ओहमचा तुकडा

रंगारी सोमवारी येणार म्हणून शनिवारी सकाळीच बायकोनं मागची खोली रिकामी करायला घेतली, आणि हेडफोनच्या अ‍ॅम्पवरची धूळ पुसता पुसता तिच्या हातात एक काळा तुकडा आला. "अहो, हे माझ्या हातून तुटलं का?" तिनं घाबऱ्या आवाजात विचारलं. त्या खोलीतल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा म्हणजे तिला परक्याच्या घरात स्वयंपाक करण्यासारखं वाटे. तो चहाचा कप घेऊनच आत आला. तिच्या तळहातावर बोटाच्या दोन पेरांएवढं गुळगुळीत नळकांडं होतं, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला भोक. "तुटलं नाही," तो म्हणाला. "ते निघतंच." "मग इतक्या वर्षांत कधी निघालेलं बघितलं नाही मी," असं म्हणून ती फडकं झटकायला गॅलरीत गेली. तिचा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र जो जागचा हलला तो दिवसभर परत जागेवर आला नाही. त्यानं तुकडा खिडकीशी नेला. कडेला पांढऱ्या रंगात बारीक आकडा होता, अर्धा पुसलेला, तरी वाचता येत होता. पंचाहत्तर. चहा गार झाला तेव्हाही तो तिथेच उभा होता, आणि मनातल्या मनात सहा वर्षं मागे मोजत होता.

ज्या दुकानात तो कामाला होता तिथे त्याला सगळे कानसेन म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग मालकानंच ते नाव इतकं वापरलं की थट्टा विरून गेली आणि नाव राहिलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. भिंतींना फोमचे जाड चौकोन, दोन खुर्च्या, एक लांब टेबल आणि टेबलावर ओळीनं मांडलेले अकरा अ‍ॅम्प. गिऱ्हाइकं येत ती कानाच्या आत बसणारे भारी इन-इअर निवडायला. चिंचोक्याएवढी वस्तू, पण एका जोडीच्या पैशांत मोटरसायकल यावी. त्यामुळे माणसं बिचकत येत, आणि बिचकलेल्या माणसाला 'हेच घ्या' म्हणणारं कुणीतरी लागतं. तो ते म्हणे. पण त्याआधी प्रत्येकाला एक धडा देई. "नुसते इन-इअर घेऊन भागत नाही. ही सोयरीक आहे. मुलगी कितीही गुणी असली तरी सासर कसं मिळतं त्यावर तिचं पुढचं." या वाक्याला पुरुष हसत, बायका हसत नसत. मग तो सांगे की प्रत्येक अ‍ॅम्पच्या तोंडाशी त्याचा स्वतःचा थोडा अडथळा असतो, तो एका ओहमच्या आत हवा. वाढला तर ज्या इन-इअरच्या पोटात एकच स्पीकर असतो त्यांना फारसा फरक पडत नाही, डोक्यावर घालायच्या मोठ्या हेडफोनना तर पत्ताही लागत नाही. पण ज्यांच्यात चार-सहा चिमुकले स्पीकर बसवलेले असतात त्यांचा आवाज पार बदलतो. एकाचा गळा दाबला जातो, दुसरा उगाच फुगतो. "वस्तू तीच, आवाज भलत्याचाच," हे वाक्य त्यानं आजवर हजारदा म्हटलं असेल. दिव्याखाली अंधार असतो हे त्याला माहीत होतं, पण त्या अंधारात कुणी बसलंय हे माहीत नव्हतं.

तुकडा तिथे कसा आला हे त्याला लख्ख आठवलं. एका वैमानिकाचे इन-इअर होते, एका स्पीकरचे पण इतके नाजूक की कुठल्याही अ‍ॅम्पला लावले तरी गाण्यामागे सळसळ ऐकू यायची, चुलीवर पाणी तापत ठेवल्यासारखी. ती सळसळ मारायला हा तुकडा मध्ये घालायचा असतो. तो मुद्दाम पंचाहत्तर ओहमनं अडथळा वाढवतो, आवाज खाली येतो, त्याबरोबर सळसळही. त्यानं वैमानिकाची जोडी घरी आणून दोन दिवस ऐकली, तुकडा घातला, सळसळ गेली, जोडी परत केली. तुकडा अ‍ॅम्पमध्येच राहिला; तोही काळा, अ‍ॅम्पही काळा. घरी तो एरवी मोठे हेडफोनच ऐके, आणि त्यांना तुकड्याचं सोयरसुतक नसतं, म्हणून सहा वर्षं काहीच कळलं नाही. म्हणजे तसं कळायचं काही कारणच नव्हतं. सहा वर्षांत घरी इन-इअर ऐकण्याची वेळ एकदाच आली होती. वैमानिकानंतर पाच आठवड्यांनी. सोनार आला होता तेव्हा.

सोनार हे त्याचं आडनाव नव्हे. दोघं एका दुरुस्तीच्या कारखान्यात शेजारशेजारच्या बाकावर नऊ वर्षं बसले. हा ऐकायचा, तो जोडायचा. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसाएवढी तार धरून तो तासन्‌तास श्वास रोखून बसे, म्हणून सोनार. त्यात त्याला दुसऱ्याच्या कामातली चूक तोंडावर सांगायची खोड होती, आणि वर म्हणे, "सोनारानंच कान टोचावेत, दुखत नाही." कानसेनला तो कधी टोचत नसे. उलट म्हणे, "मला हात दिलेत, तुला कान दिलेत. दोघांना मिळून एक माणूस करायचा होता, देवाचा हिशेब चुकला." पुढे कारखाना बंद पडला. हा दुकानात लागला, आणि सोनारानं सगळी पुंजी घालून घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचे इन-इअर बनवायला घेतले. सहा स्पीकर, तेही हातानं बसवलेले. दोन वर्षं तो त्या एकाच जोडीच्या मागे होता. या दोन वर्षांत त्यानं मित्राला एकदाही ऐकवली नाही. "पुरी झाली की तूच पहिला," एवढंच म्हणायचा. मग एके दिवशी लाकडी डबीत जोडी घेऊन आला. डबीत चिठ्ठी होती, शाळकरी अक्षरात: एका ओहमच्या आतल्या अ‍ॅम्पवर ऐकावी. ती बघून कानसेन हसला होता. "हे तू मला शिकवतोस?" सोनारही हसला होता. "तुला नाही रे. डबीत घालायचीच आहे ना सगळ्यांसाठी."

शनिवारी दुपारी, बायको आंघोळीला गेल्यावर, त्यानं कपाटाच्या खालच्या खणातून ती डबी काढली. परत द्यायला गेला होता तेव्हा सोनार "ठेव तुझ्याकडे" म्हणाला होता, कशा आवाजात म्हणाला ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आता येत होतं. डबीतली चिठ्ठी तशीच होती. त्यानं जोडी कानात घातली, पिन सरळ अ‍ॅम्पमध्ये खोचली, तुकड्याशिवाय, आणि जे गाणं तो गेली वीस वर्षं प्रत्येक वस्तूची परीक्षा घ्यायला लावतो तेच लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधी बाई श्वास घेते. एवढंच झालं. तिनं श्वास घेतला, आणि तो ओठ किंचित चिकटून सुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि तिच्या मागे कुणाची तरी खुर्ची हलली. वीस वर्षांत ती खुर्ची त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं गाणं पुढे ऐकलंच नाही. बंद केलं आणि पलंगावर बसला. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत ही बाई जाड पडद्याआडून गात होती, आणि त्यानं दुकानाच्या मासिक पत्रात लिहिलं होतं: कारागिरी अव्वल, पण आवाजात जीव नाही. छोटं वाक्य होतं. छोटं होतं म्हणूनच लोकांच्या तोंडी बसलं. सोनाराच्या जोडीचं नाव निघालं की कुणीतरी म्हणे, हां, ती जीव नसलेली. एका वर्षात पत्र्याची खोली रिकामी झाली. सोनार एका कानाच्या दवाखान्यात लागला. बहिऱ्यांच्या यंत्रांसाठी कानाचे साचे घ्यायचं काम. भांडण वगैरे काही झालं नाही. फोन आठवड्याचा महिन्यावर गेला, महिन्याचा नववर्षावर, आणि मग नववर्षालाही नुसता संदेश येऊ लागला, सगळ्यांना एकदम पाठवतात तसला.

"सोनारभावजी कितीतरी दिवसांत आले नाहीत नाही?" रविवारी जेवताना बायको म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. त्याचा घास हातातच राहिला. हिला कळलं की काय? पण तिनं डबी टेबलावर बघितली होती, एवढंच. "कामात असेल," तो म्हणाला. "तुम्ही जावं की कधीतरी. नेहमी त्यांनीच यायचं का?" त्याच्या डोक्यात एक वकील येऊन बसला होता आणि फी न घेता बोलत होता. चूक झाली, चूक कुणाचीही होते. मुद्दाम थोडीच केली? आणि आता सांगून काय होणार, बैल गेला आणि झोपा केला. सोनाराचा पगार चालू आहे, बायकापोरं सुखात आहेत, कशाला खपली काढायची. आणि समजा सांगितलं, तर गोष्ट त्याच्यापाशी राहणार आहे का? कानसेननं तारेत बोळा ठेवूनच न्याय दिला, हे मालकाला कळेल, गिऱ्हाइकांना कळेल, आणि मग वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत उरलं काय? अकरा अ‍ॅम्प आणि दोन खुर्च्या. वकिलाचं म्हणणं बिनतोड होतं. पण वकील थांबला की खाली आणखी काहीतरी हलत होतं, पाण्याच्या टाकीत तळाशी हलतं तसं, आणि तिकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

रात्र कशीबशी गेली. सोमवारी रंगारी आला, घरभर चुन्याचा वास पसरला, आणि तो सुटल्यासारखा दुकानात पळाला. अकरा वाजता एक दातांची डॉक्टरीणबाई आली. तीन जोड्या निवडून आली होती, कागदावर प्रश्न लिहून आणले होते. दिवसभर ड्रिल ऐकून कान किटतात, घरी जाऊन तासभर तरी चांगलं काही ऐकायचं, म्हणाली. त्याला अशी गिऱ्हाइकं आवडत. त्यानं पहिली जोडी तिच्या हातात दिली, अ‍ॅम्पकडे वळला, आणि त्याचा हात थांबला. त्यानं वाकून अ‍ॅम्पचं तोंड बघितलं. मग दुसऱ्याचं. अकराही अ‍ॅम्पची तोंडं त्यानं बोटानं चाचपून बघितली, आंधळा माणूस चेहरे चाचपतो तशी. "काही बिघडलंय का?" बाईनं विचारलं. "नाही. तुम्ही ऐका." तिनं तिन्ही ऐकल्या, डोळे मिटून, शहाण्या विद्यार्थ्यासारखं. मग म्हणाली, "मला दुसरी आवडली. पण तुम्ही सांगाल तीच घेते. माझ्या कानांचं काय खरं?" हे त्यानं हजारदा ऐकलं होतं आणि दर वेळी गोड वाटलं होतं. आज वाटलं नाही. "दुसरी आवडली ना?" तो म्हणाला. "मग दुसरी घ्या. तुमचेच कान खरे." "पण तुम्हाला कुठली—" "मला विचारू नका," तो इतक्या जोरात म्हणाला की खालून मालकानं जिन्यात येऊन वर बघितलं. बाई काहीच न घेता गेली. तिचा प्रश्नांचा कागद टेबलावर राहिला.

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं शेवटी टाकीच्या तळाशी बघितलं. सोनाराची जोडी त्यानं घरी का नेली होती? मित्राची आहे, निवांत ऐकू, घाईचा निकाल नको, असं तो सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत आला होता. पण एरवी कुणाचीही जोडी आली, अगदी उंटावरच्या शहाण्याची आली, तरी तो तीन-तीन अ‍ॅम्पवर ऐके. आवाज जरा खटकला तर तार बदले, पिन पुसे, दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐके. सोनाराची त्यानं एका अ‍ॅम्पवर, एका बैठकीत, चाळीस मिनिटं ऐकली. आवाज झाकोळलेला आला. आणि तेव्हा, पहिल्या मिनिटातच, छातीत काहीतरी सैल झालं होतं. हुश्श झालं होतं. नऊ वर्षं ज्याच्या हातांकडे बघत आपण शेजारी बसलो, ज्यानं स्वतःचं असं काही उभं केलं आणि आपण दुसऱ्याच्या वस्तूंना गुण देत बसलो, त्याला हे जमलं नाही. म्हणून त्यानं पिन पुसली नाही. तार बदलली नाही. नाहीतर अ‍ॅम्पच्या तोंडाकडे एकदा बोट गेलंच असतं, ते हाताला लागलंच असतं. तुकडा विसरला ही चूक होती. शोधला नाही, ती चूक नव्हती. त्याला स्वतःची किळस आली, साधी, अंगावर पाल पडल्यासारखी किळस, आणि त्यानं खाली मालकाचा फोन वाजत असताना दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीला सांगितलं की कानाचे साचे घ्यायचे आहेत. मोजून बनवलेले इन-इअर करायचेत म्हणून. हेही खोटंच होतं, पण नुसतं भेटायला येतो म्हणायचं तर भेट कशासाठी हे सांगावं लागलं असतं.

गुरुवारी दुपारी तो गेला. तिसऱ्या मजल्यावर, फिकट हिरव्या भिंतींची खोली. एका कोपऱ्यात एक म्हातारी बाई बसल्या होत्या, दोन्ही कानांमागे कोरीकरकरीत यंत्रं. "घड्याळ वाजतंय!" त्या ओरडून सांगत होत्या. "वाजू दे आजी," सोनार म्हणत होता, "वाजायलाच लावलंय ते. पंधरा मिनिटं नुसतं बसा. जे कानावर पडेल ते ऐका, मग कमी-जास्त करू." मग त्यानं वळून दाराकडे बघितलं. केस पिकले होते, पांढरा कोट पोटावर ताणला होता. हात मात्र तेच. "या कानसेन," तो म्हणाला. "यादीत नाव बघितलं तेव्हा म्हटलं, दुसरा कुणी असेल. वहिनी बऱ्या आहेत?" "बऱ्या आहेत. घराला रंग चाललाय." "बस." आजींकडे बघून कानसेन जरा घुटमळला. "त्या बसू देत," सोनार म्हणाला, "पंधरा वर्षांनी आवाज ऐकतायत, त्यांना कुठे उठवू."

त्यानं कानात दिवा घालून बघितलं, जवळून, श्वास लागेल इतक्या जवळून. कारखान्यात असताना चहाच्या सुट्टीत दोघांची डोकी एकाच सर्किटवर अशीच टेकत. "स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "जपलेत. जपायलाच हवेत, या कानांवर किती जणांचा विश्वास." त्यात टोमणा आहे का हे कानसेनला कळेना. "तू करतोस का अजून काही? बनवतोस?" त्यानं विचारलं. सोनार दोऱ्याला बांधलेला स्पंजाचा बारीक बोळा चिमट्यात धरून उजेडात बघत होता. "नाही रे. अवजारं विकली." मग, बोलायचं नव्हतं पण सुटून गेलं अशा स्वरात: "वस्तू जाते त्याचं काही नाही. मला त्या जोडीत जीव ऐकू यायचा. दोन वर्षं रोज ऐकू यायचा. मग तू म्हणालास, जीव नाही. मी घरी तिच्यासारखीच बनवलेली दुसरी ऐकली, मला पुन्हा आला. तेव्हा भीती वाटली. म्हटलं, तुझे कान तर चुकणार नाहीत, मग माझेच फसवतायत. ज्याला स्वतःचे कान फसवतात त्यानं हे काम करू नये. इथे बरं आहे. इथे ऐकायचं पेशंटनं, मी फक्त साचा घ्यायचा. मान तिकडे." आणि त्यानं बोळा कानात सरकवला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. कानसेनचं तोंड उघडलंही होतं, पण सोनारानं त्यात दातांखाली धरायचा पांढरा ठोकळा ठेवला. "हा धरून ठेव. जबडा हलवायचा नाही, बोलायचं नाही. पाच मिनिटं. हलला की साचा बिघडतो." मग पिचकारीतून गुलाबी लगदा गार गार कानात शिरला, आधी डाव्या, मग उजव्या, आणि जग गेलं. घड्याळ गेलं, रस्ता गेला, आजींचा आवाज गेला. राहिला तो फक्त त्याचा स्वतःचा श्वास, डोक्याच्या आत, कुणी दुसरंच कवटीत राहायला आल्यासारखा. त्याला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. समोर सोनार स्टुलावर बसला होता, हात मांडीवर, भिंतीकडे बघत. त्या हातांना आता काही काम नव्हतं. कानसेननं ठोकळा तोंडातून काढला. सोनारानं चमकून हात वर केला, नको म्हणून. त्यानं खिशातून तुकडा काढून दोघांमधल्या ट्रेमध्ये ठेवला.

"हा अ‍ॅम्पमध्ये राहिला होता," तो म्हणाला. बंद कानांत त्याचाच आवाज घुमला, मोठा, कर्कश. किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज येईना. "तुझी जोडी ऐकली तेव्हा. माझ्याच घरी. परवा सापडला. तुझ्या जोडीत काही चूक नव्हती. मी परवा ऐकली, तिच्याएवढं चांगलं मी काही ऐकलेलं नाही. तुझे कान बरोबर होते." सोनारानं तुकडा उचलला. अंगठ्यानं फिरवून आकडा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि इथे थांबता आलं असतं. वकील म्हणाला, थांब, एवढं पुरे आहे, एवढ्यावर माणूस माफ करतो. "आणि अजून एक," कानसेन म्हणाला. "मी दुसऱ्या कुठल्या अ‍ॅम्पवर लावून बघितली नाही. कारण ती वाईट वाजली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला बरं वाटलं होतं रे."

मग सोनार बोलला. त्याचे ओठ हलले, आधी थोडे, मग भराभर. तो उठला नाही, त्यानं हातवारे केले नाहीत. तुकडा मुठीत धरून तो बोलत राहिला, एकदा थांबला, गिळलं, पुन्हा बोलला. कानसेन त्याच्या तोंडाकडे जीव एकवटून बघत होता, पण वीस वर्षं त्यानं माणसांकडे डोळे मिटूनच बघितलं होतं. ओठ वाचता येत नव्हते. त्याला फक्त स्वतःची छाती ऐकू येत होती. एका शब्दाशी सोनाराचे ओठ मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. कोपऱ्यात आजींनी पदर तोंडाशी नेला होता. कानसेननं कानांकडे हात नेला, ओढून काढू बघितलं, तर सोनारानं त्याचं मनगट धरलं, घट्ट, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून दोन मिनिटं. ती दोन मिनिटं त्यानं मनगट सोडलं नाही.

साचे निघाले तेव्हा आवाज अंगावर आल्यासारखे आत शिरले. सोनारानं दोन्ही साचे खिडकीच्या उजेडात फिरवून बघितले. "बोललास," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, बसका. "उजवा चालेल. डावा बिघडला, पुन्हा घ्यावा लागेल." "मघाशी तू काय म्हणालास?" "ते एकदाच म्हणायचं होतं." "सोनार, मला ऐकू आलं नाही." "माहीत आहे," सोनार म्हणाला. "आता ठोकळा काढू नकोस."

दुसऱ्या वेळी उजवा कान मोकळा होता. पाच मिनिटं कानसेन तो एक कान सोनाराकडे करून बसला. घड्याळ ऐकू येत होतं, नळ ऐकू येत होता, सोनार हात धूत होता ते, मग कार्डावर पेन चालत होतं ते. तो श्वाससुद्धा हळू घेत होता, की मध्ये काही बुडून जाऊ नये. सोनार एक शब्द बोलला नाही. साचा चांगला निघाला. त्यानं दोन्ही साचे पिशवीत घातले, वर नाव लिहिलं, कानसेन नव्हे, खरं नाव, पूर्ण, आणि पिशवी हातात दिली. ट्रेमध्ये तुकडा नव्हता. "वहिनींना सांग, रंगाचा वास आठ दिवस राहतो, खिडक्या उघड्या ठेवा म्हणावं," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. दार त्यानं आपटलं नाही, नुसतं लावलं.

कानसेन जायला निघाला, आणि दारापाशी थबकला. आजी त्याच्याकडेच बघत होत्या. तो त्यांच्या खुर्चीपाशी गेला, लहान मुलासारखा वाकला. "आजी," तो म्हणाला, "तुम्ही इथेच होतात. ते काय म्हणाले मला?" त्यांनी लगेच नजर काढून घेतली. पदर सारखा केला. मग हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला, जिथे मघाशी सोनारानं धरलं होतं तिथेच. मघा खोलीभर ओरडणाऱ्या त्या बाईंचा आवाज आता इतका खाली आला होता की त्यालाच कान द्यावा लागला.

"मला कुठलं ऐकू येतंय रे बाळा," त्या म्हणाल्या.